नाव सर्व्हरचे, पोटात पीडीपी

सरकारी नोकरीत 'कंडम' हा शब्द रोजचा. खुर्ची मोडली, टाइपरायटर बंद पडला, प्रिंटर जुना झाला की डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद शोधायची, समितीच्या सह्या घ्यायच्या आणि मग लिलाव. हे काम बरीच वर्षे केले की वस्तूपेक्षा तिचे रजिस्टरमधले नाव अधिक खरे वाटू लागते. 'टर्मिनल सर्व्हर, १ नग' असे लिहिलेले असेल तर तो टर्मिनल सर्व्हर. त्याच्या पोटात काय आहे हे उघडून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही, आणि नियमही तसे सांगत नाहीत.

म्हणूनच डेकसर्व्हर ५५० नावाच्या एका अमेरिकन यंत्राची हकीकत वाचल्यापासून ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही. कचेऱ्यांनी आणि विद्यापीठांनी टाकून दिलेला हा सर्व्हर हौशी मंडळी घरी आणतात, त्यातल्या एका पाटीवरच्या चिप बदलतात, आणि त्याचा चक्क पीडीपी-११ जातीचा मिनी कॉम्प्युटर होतो. मी कला शाखेचा माणूस. सोल्डरिंगच्या वाटेला मी जात नाही. पण ही गोष्ट मला इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा इतिहासाची वाटते, आणि त्यातही कागदोपत्री नावांच्या इतिहासाची. ती सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९५७ साली केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोघा इंजिनियरांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, मेनार्ड या गावी, एका जुन्या लोकरीच्या गिरणीत भाड्याने जागा घेऊन डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी सुरू केली. लोक तिला 'डेक' म्हणत. भांडवल ७० हजार डॉलर. पैसे देणाऱ्यांनी त्यांना एक सल्ला दिला होता, की अर्जात 'कॉम्प्युटर' हा शब्द घालू नका. त्या काळी कॉम्प्युटरच्या धंद्यात मोठमोठ्या कंपन्यांचे हात पोळले होते आणि त्या शब्दानेच गुंतवणूकदार बिचकत. म्हणून कंपनीने आधी सुटी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल विकली, आणि पुढे कॉम्प्युटर बनवला तेव्हा त्याला नाव दिले 'प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर', म्हणजेच पीडीपी. कॉम्प्युटर खरेदी करायचा म्हटले की सरकारी खात्यांत मंजुऱ्यांची माळ लागे, 'डेटा प्रोसेसर' मात्र सुटसुटीत मंजूर होई, असेही सांगतात. कचेरीत काम केलेल्या कोणालाही यात आश्चर्य वाटणार नाही.

१९६५ साली आलेला पीडीपी-८ हा १८ हजार डॉलरना मिळे. आज ही रक्कम मोठी वाटते, पण त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे स्वतंत्र वातानुकूलित दालन, त्याचे पुजारी आणि लाखो डॉलरचा खर्च. त्यामानाने हे यंत्र एखाद्या प्रयोगशाळेला स्वतःच्या ताकदीवर घेता येई. यातूनच 'मिनी कॉम्प्युटर' ही जात रूढ झाली. मिनी म्हणजे लहान हे तेव्हाच्या मानाने; कपाटाएवढे तर ते असेच.

१९७० च्या जानेवारीत याच कंपनीने पीडीपी-११ जाहीर केला. १६ बिटांचे हे यंत्र इतके नेटके होते की पुढे वीस वर्षांहून अधिक काळ त्याच्या नवनव्या आवृत्त्या निघत राहिल्या. सर्व मिळून सुमारे सहा लाख यंत्रे विकली गेली असे म्हणतात. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली १९६९ साली पीडीपी-७ वर सुरू केली खरी, पण ती वाढली पीडीपी-११ वर. 'सी' ही भाषाही तिथेच घडली. हा पीडीपी-११ त्यांना मिळाला कसा? नवी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची आहे असे सांगून वरिष्ठांकडून पैसे मिळत नव्हते. तेव्हा मजकूर टाइप करून नीट मांडून देणारी व्यवस्था करतो, असा प्रस्ताव त्यांनी दिला. तो मंजूर झाला, यंत्र आले, आणि बेलच्या पेटंट विभागातले टायपिस्ट युनिक्सचे पहिले खरे ग्राहक ठरले. आजचे अर्धे संगणकविश्व ज्या प्रणालीच्या वंशावळीत मोडते, तिचे यंत्र टायपिंगच्या नावाखाली खरेदी झालेले आहे.

आता डेकसर्व्हरकडे येऊ. १९७७ साली डेकने व्हॅक्स हा ३२ बिटांचा मोठा भाऊ बाजारात आणला. १९८० च्या दशकात एकेका संस्थेत असे दोन-चार कॉम्प्युटर आणि शेकडो टर्मिनल असत. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. स्वतःची बुद्धी नाही. प्रत्येक टर्मिनलची तार प्रत्येक कॉम्प्युटरपर्यंत ओढणे अशक्य होऊ लागले. तेव्हा मधे एक डबा ठेवायचा, सगळ्या टर्मिनलच्या तारा त्यात आणायच्या, आणि तिथून एकच इथरनेटची केबल कॉम्प्युटरांकडे न्यायची, अशी युक्ती निघाली. हा डबा म्हणजे टर्मिनल सर्व्हर. आमच्याकडच्या टपाल आवक-जावक टेबलासारखे त्याचे काम. स्वतः काही निर्णय घ्यायचा नाही, कोणाचे पत्र कोणत्या टेबलावर जायचे तेवढे पाहायचे. छोट्या डेकसर्व्हरवर आठ टर्मिनल बसत. ५०० मालिकेतल्या मोठ्यावर १२८.

एवढ्या ओळी सांभाळायला डब्यात बऱ्यापैकी मेंदू हवा. तो नव्याने घडवण्याऐवजी डेकच्या इंजिनियरांनी घरातलाच वापरला. डेकसर्व्हर ५५० मध्ये जी मुख्य पाटी आहे ती मायक्रो पीडीपी-११/५३ या मिनी कॉम्प्युटरच्या पाटीची सख्खी बहीण. तोच जे-११ नावाचा प्रोसेसर, चिनी मातीच्या एका पट्टीवर बसवलेल्या दोन चिपचा. तीच १५ मेगाहर्ट्झची गती, तीच पाटीवरची दीड मेगाबाइट मेमरी, आणि बाकीच्या पाट्यांशी बोलायला तोच क्यू-बस नावाचा मार्ग. फरक मुख्यत्वे रॉम चिपमध्ये. वीज सुरू झाल्याबरोबर यंत्राने सर्वांत आधी काय करायचे याच्या सूचना रॉममध्ये असतात. ११/५३ चा रॉम सांगतो, 'डिस्क शोध आणि तिच्यावरची प्रणाली सुरू कर.' डेकसर्व्हरचा रॉम सांगतो, 'नेटवर्कवर हाक मार, मोठ्या कॉम्प्युटरकडून तुझे काम मागून घे आणि तेवढेच कर.' एकाच कुटुंबातल्या दोन भावांपैकी एक मामलेदार झाला आणि दुसरा शिपाई, कारण दोघांच्या नेमणुकीचे कागद वेगळे होते.

डेकच्या घरात असे लपलेले पीडीपी बरेच होते. पहिल्या व्हॅक्स-११/७८० ला सुरू करण्यासाठी त्याच्या कपाटात एक छोटा एलएसआय-११ बसवलेला असे, म्हणजे पीडीपी-११ चेच लहान रूप. डिस्कचा कारभार पाहणाऱ्या एचएससी-५० आणि एचएससी-७० या कपाटांतही पीडीपी-११ चेच प्रोसेसर होते. आणि नावांचा खेळ व्हॅक्समध्येही होताच. 'मायक्रोव्हॅक्स' आणि 'व्हॅक्ससर्व्हर' ही भावंडे आतून जवळजवळ सारखी, पण सर्व्हर म्हणून विकलेल्या यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी टर्मिनलवरून काम करू नये अशी मेख फर्मवेअरमध्ये आणि परवान्यात मारलेली असे. ग्राहक पैसे लोखंडाचे देत नव्हता, परवानगीचे देत होता.

तर मग हे रूपांतर करतात कसे? सुरुवात होते ती वीज न लावता. चाळीस वर्षांच्या घरात आलेल्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर आधी तपासायचे. जुने कागदी कपॅसिटर कधी कधी धूर काढत फुटतात, आणि बिघडलेला पुरवठा पाच व्होल्टच्या जागी भलतेच काही देऊन सगळ्या पाट्या जाळू शकतो. ते ठीक असेल तर मूळ रॉम चिप काढून जपून ठेवायच्या आणि त्यांच्या जागी ११/५३ चा मजकूर भरलेल्या नव्या बसवायच्या. या कामाच्या ईप्रॉम चिपवर काचेची छोटी खिडकी असते. अतिनील दिव्याखाली काही मिनिटे धरली की जुने लिखाण पुसले जाते आणि नवे भरता येते. पाटीवर जसा खडू, तसे. एरवी खिडकीवर कागदाचा तुकडा चिकटवून ठेवायचा, म्हणजे उजेडाने लिखाण पुसट होत नाही.

मग क्यू-बसवरच्या पाट्यांचा क्रम. इथे मला सगळ्यांत गंमत वाटली. एखाद्या पाटीला मेमरीशी थेट व्यवहार करायचा असेल तर तिने मागणी करायची, आणि प्रोसेसरकडून निघालेली परवानगी पहिल्या पाटीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे अशी पुढे जाते. ज्या पाटीला हवी ती ठेवून घेते, बाकीच्या पुढे सरकवतात. मधला एक कप्पा रिकामा राहिला तर परवानगी तिथेच अडकते आणि पुढच्या सगळ्या पाट्या ठप्प. टेबलावरचा माणूस रजेवर गेला आणि बदली कोणी दिली नाही, म्हणजे फाइलचे जे होते तेच. म्हणून रिकाम्या कप्प्यात एक छोटी पाटी खोचतात, जिचे काम आलेली परवानगी पुढे देणे, इतकेच.

यानंतर सिरियल तारेने एखादे टर्मिनल जोडायचे, आणि टर्मिनल नसेल तर साधा पीसी चालतो. यंत्र थांबलेल्या अवस्थेत असले की पडद्यावर '@' हे एकच चिन्ह येते. जे-११ च्या पोटातच बसवलेला हा एक लहानसा संवाद आहे. पत्ता टाइप करायचा, त्या जागी मेमरीत काय आहे ते पाहायचे, हवे तर बदलायचे. सगळे आकडे ० ते ७ एवढ्याच अंकांत, अष्टमान पद्धतीने. ते चिन्ह दिसले की समजायचे, प्रोसेसर जिवंत आहे.

टर्मिनल सर्व्हरला डिस्क नसते, ती बाहेरून आणावी लागते. त्या काळच्या आरडी-५३ सारख्या डिस्क आता भरवशाच्या नाहीत. तिच्या आतला रबरी ठोकळा काळाने चिकट होऊन वाचणारा हात तिथेच धरून ठेवतो. म्हणून बहुतेक जण क्यू-बसवर बसणारे स्कझी कार्ड मिळवतात आणि त्याच्यापुढे आजचे मेमरी कार्ड डिस्क म्हणून उभे करतात. यंत्राला फसवणूक कळत नाही. दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे टीयू-५८ हा जुना सिरियल टेपचा चालक. त्याचे सोंग पीसीवरचा एक छोटा प्रोग्रॅम हुबेहूब वठवतो, आणि आरटी-११ सारखी आटोपशीर प्रणाली त्यावरूनही सुरू होते.

याहून पुढे जायचे असेल तर २.११ बीएसडी आहे. बर्कलेच्या युनिक्सची ही पीडीपी-११ साठीची आवृत्ती १९९१ साली निघाली, म्हणजे यंत्राला वीस वर्षे होऊन गेल्यावर. तिच्यातल्या दुरुस्त्या त्यानंतरही वर्षानुवर्षे येत राहिल्या. इथे सर्व्हरचे सर्व्हरपण उपयोगी पडते. डब्यात मुळापासून असलेले इथरनेट कार्ड आणि टर्मिनलच्या ओळींच्या पाट्या ही प्रणाली ओळखते. ज्या पाट्या दुसऱ्यांचे निरोप पोहोचवायच्या, त्याच आता स्वतःच्या घरची टर्मिनले सांभाळू लागतात.

इतके वाचून कोणी म्हणेल, ही काय रिकामपणाची कामे! आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पीडीपी-११ चे सगळे वागणे हुबेहूब करून दाखवणारा सिमएच नावाचा प्रोग्रॅम कोणत्याही साध्या लॅपटॉपवर चालतो, मूळ यंत्रापेक्षा किती तरी वेगाने चालतो, आणि त्याला वीजही नगण्य लागते. मग लोखंड कशाला? याचे उत्तर सिमएचच्या जन्मातच आहे. तो लिहिला डेकमध्येच वरिष्ठ पदावर काम केलेल्या बॉब सपनिक यांनी, १९९३ पासून. मूळ यंत्रे कशी वागत हे ठाऊक असलेली माणसे आणि त्यांचे कागद हाताशी होते म्हणून नक्कल खरी उतरली. नक्कल बरोबर आहे की नाही हे ठरवायला शेवटी कुठे तरी एक अस्सल प्रत असावी लागते. मोडी कागदाचे देवनागरी लिप्यंतर कितीही चांगले असले तरी शंका आली की मूळ कागदच काढावा लागतो, तसेच हे.

शिवाय ही यंत्रे सगळी मेलेली नाहीत. २०१३ साली जनरल इलेक्ट्रिकच्या कॅनडातल्या मंडळींना अणुवीज केंद्रांतल्या यंत्रणेसाठी पीडीपी-११ चे असेंब्ली भाषेतले प्रोग्रॅमर हवे होते, आणि ती यंत्रणा २०५० पर्यंत चालवण्याचा बेत होता. अशा ठिकाणी हौशी लोकांच्या घरातले ज्ञान अचानक मौल्यवान ठरते.

पण मला या सगळ्यात मोठे वाटते ते कागदाचे काम. रॉमचा मजकूर कोणी तरी वेळीच उतरवून ठेवला नसता तर ही पाटी जन्मभर टर्मिनल सर्व्हरच राहिली असती. डेक आपल्या यंत्रांची पुस्तके आणि दुरुस्तीसाठी लागणारे आराखडेही छापून ग्राहकाला देत असे. १९९८ साली ही कंपनी कॉम्पॅकने ९६० कोटी डॉलरना विकत घेतली, २००२ मध्ये कॉम्पॅकही एचपीत विलीन झाली. मेनार्डच्या गिरणीतून डेक त्याआधीच बाहेर पडली होती. कंपनी गेली, पण तिची हजारो पुस्तके स्वयंसेवकांनी पान न् पान स्कॅन करून 'बिटसेव्हर्स' या संग्रहात ठेवली. युनिक्सचेही तसेच. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७० च्या दशकात सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सवर लिहिलेले भाष्य छापायला परवानगी नव्हती. दोन दशके ते झेरॉक्सवर झेरॉक्स होत जगभर फिरले आणि १९९६ साली रीतसर प्रसिद्ध झाले. पीडीपी-११ वरचे जुने युनिक्स कायद्याने खुले झाले ते २००२ साली. तोवर ते कोणी तरी सांभाळले होते, म्हणून खुले करायला उरले होते.

हा इतिहास आपल्यापासून फार दूरचा नाही. १९६७ साली हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिने टीडीसी-१२, टीडीसी-३१२, टीडीसी-३१६ अशी देशी यंत्रे बनवली. १९७८ साली आयबीएम भारतातून गेली आणि त्याच सुमाराला खासगी कंपन्यांना मिनी कॉम्प्युटर बनवायची मुभा मिळाली. १९८५ साली दिल्लीत रेल्वेचे संगणकीय आरक्षण सुरू झाले ते डेकच्या व्हॅक्सवर. खिडकीपाशी उभे राहून ज्यांनी छापील तिकीट पहिल्यांदा हातात घेतले, त्यांचे नाव अशाच एका यंत्राने लिहिले होते. ती यंत्रे पुढे आपापल्या वेळी कालबाह्य झाली. जुन्या पाटीवरच्या सोन्याला भंगारात भाव येतो, तिच्यासोबतच्या पुस्तकाला रद्दीचा. २०१२ पासून आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम लागू आहेत आणि ते हवेतच. शिसे आणि आम्ल कोणाच्या विहिरीत जाऊ नये. पण त्या नियमांत यंत्राचे वजन मोजतात, माहितीचे नव्हे.

गोव्यात आपल्याला हे वेगळे सांगायला नको. पणजीच्या पुराभिलेखात मोडीतले कागद आहेत, जुन्या गावकारीच्या वह्या आहेत. कागद टिकला, पण वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. यंत्राच्या बाबतीत तीच गत होते: लोखंड टिकते, पण ते कसे बोलते हे सांगणारे पुस्तक आधी रद्दीत जाते.

म्हणून कंडम समितीवर बसणाऱ्या माझ्यासारख्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. यंत्र जाऊ द्या. जागा अपुरी आहे हे खरे. पण लिलावाआधी एकदा झाकण उघडून आतल्या पाटीवरचा क्रमांक रजिस्टरच्या शेऱ्यात लिहा. सोबतची पुस्तके, फ्लॉपी, तारांचे नकाशे रद्दीत न घालता गावच्या ग्रंथालयाला किंवा एखाद्या इंजिनियरिंग कॉलेजला पत्र लिहून द्या. एका पानाचे पत्र आणि एक पोच, इतकेच काम आहे. डेकसर्व्हर ५५० चा पीडीपी-११/५३ होऊ शकला, कारण हे एक पानाचे काम कुठे तरी कोणी तरी केले होते.